खुराड्याच्या दाराची दुसरी खेप

ओतूरला आमच्या घरामागे उसाच्या बांधाला लागून बावीस गावरान कोंबड्यांचं खुराडं आहे. ओट्यापासून मोजून चाळीस पावलं. दिवेलागणीला कोंबड्या आत जाऊन दांडीवर बसल्या की दार लावायचं, हे काम गेली तीस वर्षं आई करत आली. पण जुन्नर तालुक्यात आता तिन्हीसांजेला उसाच्या कडेने एकट्या बाईमाणसाने चाळीस पावलं जाऊन वाकून दार लावणं हे साधं काम राहिलेलं नाही. बिबट्या आमच्याच बांधावर दोनदा दिसला आहे. दार आपोआप मिटावं आणि ते मिटलं हे आईला ओट्यावरूनच कळावं, एवढ्यासाठी मी हे सगळं केलं. ते घरी करू पाहणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून, त्यात वापरलेल्या एकेका सुट्या भागाबद्दल वर्षभराच्या अनुभवातून लिहितो आहे.

मी मोटर रिवाइंडिंगचा धंदा करतो. पाणबुडी मोटारी, स्टार्टर, वॉर्निश, रिले (विजेने चालणारा स्विच) हे माझ्या रोजच्या हातातलं. प्रोग्राम लिहिण्याचं काम भाच्याचं. तो आयटीआयला इलेक्ट्रॉनिक्स शिकला. पहिलं दार आम्ही २०२४ च्या वारीआधी बसवलं, कारण आई तीन आठवडे दिंडीत जाणार होती. दुसरं बसवलं २०२५ च्या वारीआधी. या दोन वाऱ्यांच्या मध्ये जे घडलं ते आधी सांगतो, कारण पुढची सगळी खरेदी त्यातूनच ठरली.

पहिल्या खेपेला होतं आर्डुइनो उनो, म्हणजे प्रोग्राम घालता येणारा छोटा बोर्ड, उजेड ओळखायला एलडीआर, दोन रिलेचं ते निळं मॉड्यूल, आणि गिअरच्या छोट्या मोटारीला लावलेलं रीळ. रिळावर नायलॉनची दोरी, दोरीला पत्र्याचं दार. अंधार पडला की दोरी सुटायची, दार आपल्या वजनाने खाली यायचं. उन्हाळ्यात छान चाललं. पाऊस सुरू झाल्यावर पहिली चूक कळली: दुपारी चारला आभाळ गच्च भरून आलं, एलडीआरला वाटलं सांज झाली, दार मिटलं आणि सगळ्या कोंबड्या बाहेर पावसात भिजत दाराशी गोळा झाल्या. भाच्याने प्रोग्राममध्ये आकडा बदलला, आम्हाला वाटलं झालं.

दुसरी चूक रात्री झाली. लाकडी चौकट पावसाने फुगली होती. दार अर्ध्यात अडकलं, खालच्या लिमिट स्विचपर्यंत पोचलंच नाही. स्विच दाबला जाईपर्यंत मोटर थांबायची नव्हती, ती फिरत राहिली. दोरी पूर्ण सुटली आणि रिळावर उलट्या बाजूने गुंडाळायला लागली. म्हणजे मिटवायच्या हुकुमावर दार वर चढत गेलं. वर टेकल्यावर मोटर तिथेच कण्हत राहिली, रिलेचे पॉइंट चिकटले, पहाटेपर्यंत बॅटरी संपली. सकाळी मी गेलो तर दार सताड उघडं होतं. मुंगसाने पाच कोंबड्या मारल्या होत्या. खाल्ली होती एकच.

आई त्या दिवशी नातेपुत्याच्या मुक्कामी होती. फोनवर तिने पहिलं विचारलं, "भुरकी हाय का?" भुरकी गेली होती. मी सांगितलं. ती जरा वेळ काही बोलली नाही, मागे टाळ ऐकू येत होते. मग म्हणाली, "बरं. बाकीच्यांना आज कणी घाल. घाबरल्या असतील."

त्या रात्री आमच्या यंत्राच्या हिशेबी दार मिटवायचा हुकूम रीतसर सुटला होता. मिटलं की नाही, हे कुणी विचारलंच नव्हतं. दुसऱ्या खेपेत प्रत्येक वस्तू घेताना मी हेच बघितलं: ही वस्तू नुसता हुकूम देते, की काम झाल्याची खात्रीही देते?

सगळ्यात आधी घड्याळ. डीएस ३२३१ चं मॉड्यूल पुण्याला तपकीर गल्लीत १८० रुपयांना घेतलं. सगळ्या खरेदीत पैसे सगळ्यात चांगले कुठे वसूल झाले म्हणाल तर इथे. साध्या घड्याळ-चिपचा वेळ मोजणारा स्फटिक गरमी-थंडीने मागेपुढे होतो. ही चिप स्वतःचं तापमान मोजून त्याची भरपाई करते. अस्सल एसएन जातीच्या चिपला शून्य ते चाळीस अंशांत दहा लाखांत दोनची चूक माफ आहे, म्हणजे वर्षाला साधारण एक मिनिट. एम जातीची असेल तर दहा लाखांत पाच, वर्षाला अडीच मिनिटांच्या वर. कोंबड्यांना दोन्ही चालतील, तरी घेताना चिपवरची अक्षरं वाचून घ्या. माझं मोबाईलच्या घड्याळाशी ताडून पाहिलं, वर्षात पाऊण मिनिट पुढे गेलं आहे.

या मॉड्यूलची एक गोष्ट मात्र कुणी दुकानात सांगत नाही. वीज नसताना घड्याळ चालू ठेवायला त्यावर एक सेल असतो, आणि तो चार्ज करायची सोय असते, एक रेझिस्टर आणि एक डायोड. ती सोय चार्ज होणाऱ्या एलआयआर २०३२ सेलसाठी आहे. पण बाजारात सहज मिळतो तो सीआर २०३२, आणि तो चार्ज करायचा सेल नाही. मॉड्यूलला पाच व्होल्ट दिले की त्या सेलमध्ये जबरदस्तीने करंट ढकलला जातो. तो फुगतो, फुटूही शकतो. मी सोल्डरिंग आयर्नने तो रेझिस्टर उचलून काढला. दोन मिनिटांचं काम आहे, ते केल्याशिवाय बसवू नका.

घड्याळात वर्षभराच्या सूर्यास्ताचा तक्ता घातला. आमच्याकडे नोव्हेंबरअखेर सूर्य सहाच्याही चार मिनिटं आधी मावळतो आणि जूनअखेरीला सव्वासातच्या आसपास, म्हणजे सव्वा तासाचा फरक. एकच वेळ लावून ठेवली तर एका ऋतूत तरी ती चुकणारच. एलडीआर मी काढला नाही, पण त्याची सत्ता कमी केली. सूर्यास्तानंतर दहा मिनिटांपासून चाळीस मिनिटांपर्यंत त्याला मत आहे. त्याआधी कितीही काळोख झाला तरी दार हलत नाही आणि चाळीस मिनिटं झाली की त्याचं काहीही म्हणणं असलं तरी दार मिटतं. गेल्या पावसाळ्यात दार एकदाही अवेळी मिटलं नाही.

दोरी आणि रीळ टाकून दिलं. त्याजागी १२ व्होल्टचा लिनिअर ॲक्चुएटर घेतला, म्हणजे दांडा सरळ रेषेत आत-बाहेर करणारी मोटर, ३०० मिलिमीटर लांब जाणारा, सेकंदाला साधारण एक सेंटिमीटर सरकणारा. मला ३,१०० रुपये पडले. ऑनलाइन मागवला तेव्हा पहिल्यांदा २०० मिलिमीटरचा आला, खोक्यावर मात्र ३०० छापलेलं. परत घेतला त्यांनी, पण अकरा दिवस गेले. आल्या आल्या बॅटरी लावून पूर्ण बाहेर काढा आणि टेप लावून मोजा.

ॲक्चुएटरचे गुण खरे आहेत. दोन्ही टोकांना आतच लिमिट स्विच असतात, त्यामुळे टोकाला गेला की आपोआप थांबतो. आत आट्यांचा स्क्रू असल्याने करंट नसतानाही तो जागचा हलत नाही, मुंगसाने नखं घालून उचललं तरी दार उचललं जात नाही. पण त्याचा जोर फार असतो. पन्नास-साठ किलोचा रेटा सहज देतो. कोंबडीची मान मध्ये आली तर त्याला पत्ताही लागणार नाही. ही भीती मला महिनाभर झोपू देत नव्हती.

आधी करंट मोजून पाहिला. आयएनए २१९ नावाचं मॉड्यूल लावलं, अडथळा आला की करंट वाढेल आणि दार मागे घेता येईल असा विचार. मॉड्यूल चोख आहे, मोजमापात खोट नाही. पण ॲक्चुएटर स्वतःच थंडीत जास्त आणि उन्हात कमी करंट ओढतो, आणि मऊ वस्तू मध्ये आल्यावर पडणारा फरक त्या चढउतारात बुडून जातो. या कामाला ते उपयोगाचं नाही असं माझं मत झालं आणि मी ते काढलं.

मग लेथवाल्या मित्राकडे बसून जे केलं ते नीट सांगतो, कारण पैसे देऊन ही गोष्ट कुठे मिळत नाही. ॲक्चुएटर दाराच्या वर उभा टांगला आहे, दांडा खाली येतो. दांड्याच्या टोकाला एक आडवी पिन. दाराला पट्टी जोडली आणि पट्टीत चार सेंटिमीटर लांब उभी खाच पाडली. पिन त्या खाचेत. दार पिनवर लोंबकळतं, म्हणजे पिन खाचेच्या वरच्या कडेला टेकलेली असते, आणि तिथेच मी रोलरवाला मायक्रोस्विच बसवला आहे. दार खाली येताना पिन त्याला दाबून धरते. वाटेत काही आडवं आलं की दार थांबतं, पिन मात्र खाचेतून खाली सरकते आणि स्विच सुटतो. अजून दार उंबऱ्याला टेकलेलं नाही आणि स्विच सुटला, याचा अर्थ मध्ये कुणीतरी आहे: लगेच थांब, वर घे, दोन मिनिटं थांब, पुन्हा प्रयत्न कर. अडकलेल्या जिवावर पडतो तो फक्त दाराचा भार, एक किलोच्या आसपास. आणि दार सुखरूप उंबऱ्याला टेकलं की पिन तशीच चार सेंटिमीटर खाली जाऊन खाचेच्या तळाला बसते आणि दार दाबून धरते. दाराची वाट २६ सेंटिमीटर, खाच चार, मिळून ॲक्चुएटरचे तीस पूर्ण.

आधी दुधी भोपळा ठेवून पाहिला, मग पाण्याची अर्धी बाटली, मग माझा हात. हातावर दार टेकल्याचं कळलं, दुखलं नाही. वर्षभरात दोनदा कोंबडी खरोखर मध्ये आली. दोन्ही वेळा दार मागे गेलं आणि ती आत उडी मारून गेली. हे मी भाच्याच्या नोंदीत पाहिलं, आणि एकदा डोळ्यांनी.

मोटर चालवायला एल२९८एन चं मॉड्यूल सगळे सुचवतात. या कामाला घेऊ नका. त्यात जुन्या पद्धतीचे ट्रान्झिस्टर आहेत, एक अँपिअरलाच दोन व्होल्टच्या आसपास आतच खातात. बारा दिले तर मोटारीला दहा पोचतात, बाकीची उष्णता. मी त्याऐवजी गाडीचे दोन चेंजओव्हर रिले (जोडणी एकीकडून दुसरीकडे बदलणारे) लावले, बेससकट, आमच्या इथल्या ऑटो इलेक्ट्रिशियनच्या दुकानातले, ९० रुपयांना एक. रिकामं असताना शून्य करंट, आणि बिघडला तर आईलाही उपटून दुसरा बसवता येईल. निळ्या मॉड्यूलवरही दहा अँपिअर लिहिलेलं असतं, पण मोटर अडकली तेव्हा त्याचे पॉइंट चिकटले. एसीत करंट सेकंदाला शंभरदा शून्यातून जातो म्हणून पॉइंट उघडताना ठिणगी विझते. डीसीत तिला विझायला सवड मिळत नाही. त्याचा विचार करूनच रिले निवडा. मध्ये पाच अँपिअरचा पट्टी फ्यूज घाला. पहिल्या खेपेला फ्यूज नव्हता. तो असता तर निदान बॅटरी राहिली असती.

आता मुख्य बोर्ड. उनोच्या जागी भाच्याने ईएसपी ३२ चा बोर्ड घेतला, साडेचारशे रुपये. चांगला आहे, पण त्याने आम्हाला आठवडाभर छळलं. उंबऱ्यापाशी आणि वर, अशा दोन ठिकाणी चुंबकावर चालणारे रीड स्विच आहेत. दार खरोखर कुठे आहे ते यांच्यावरून कळतं. ते आम्ही ३४ आणि ३५ नंबरच्या पिनांना जोडले. दार जागचं हलत नसताना बोर्ड म्हणायचा मिटलं, उघडलं, मिटलं. मी वायर बदलली, रीड स्विच बदलला, अर्थिंग तपासलं. शेवटी भाच्याला सापडलं: ३४ ते ३९ या पिनांना आतला पुल-अप रेझिस्टरच नाही, म्हणजे स्विच उघडा असताना पिनेला एका पातळीवर धरून ठेवणारा. प्रोग्राममध्ये लिहिलं तरी तो लागत नाही आणि कसली चूकही दाखवली जात नाही. बाहेरून दहा हजार ओमचे दोन रेझिस्टर लावले, रोग गेला. १२ नंबरच्या पिनेलाही हात लावू नका. चालू होताना तिच्यावर व्होल्टेज असलं तर बोर्ड उठतच नाही.

वायफाय आम्ही शेवटी बंद करून टाकलं. त्याचं कारण हिशेबात आहे, आणि तो हिशेब मांडल्यावर मी स्वतः चकित झालो. ॲक्चुएटर दिवसातून दोनदा अर्धा अर्धा मिनिट दोन अँपिअर ओढतो: दिवसाला ०.०३ अँपिअर-तास. वायफाय लावून बोर्ड जागा ठेवला तर बारा व्होल्टच्या बाजूने तोच ५० मिलिअँपिअर खातो, म्हणजे दिवसाला १.२ अँपिअर-तास. दार हलवायला लागते त्याच्या चाळीसपट वीज नुसतं जागं राहायला! आता बोर्ड झोपतो, मिनिटाला एकदा उठून घड्याळ बघतो आणि परत झोपतो. बॅटरीचे बारा व्होल्ट बोर्डासाठी उतरवणारा कन्व्हर्टर धरून सगळं मिळून १२ मिलिअँपिअरवर आलं. चिप एकटी झोपेत याहून कितीतरी कमी घेते, बाकी सगळं बोर्डावरचा दिवा, यूएसबीची चिप आणि कन्व्हर्टर खातो. यूपीएसची ७ अँपिअर-तासांची बॅटरी आणि २० वॉटचं सोलर पॅनल आहे. ऊन अजिबात पडलं नाही तरी दहा दिवस अर्ध्या बॅटरीवर निघतात. जुलैत सलग सहा दिवस सूर्य दिसला नव्हता, दाराला काही झालं नाही.

डबा खुराड्याच्या आत बसवू नका. विष्ठेतून अमोनिया सुटतो, त्यात पावसाळी दमट हवा मिळाली की तांबं हिरवं पडतं. पहिल्या बोर्डाचे ट्रॅक वर्षाच्या आत खाल्ले गेले होते. आता डबा बाहेर, वळचणीखाली. वायर डब्यात खालून घेतली आहे आणि आत शिरण्याआधी तिला खाली पोट ठेवलं आहे, म्हणजे पाणी तिथूनच टपकतं. वायर शिरते तिथल्या केबल ग्लँड घट्ट आवळल्या, नाहीतर मुंग्या शिरतात आणि मुंग्यांमागे पाल. बोर्डावर मी दुकानातलंच वाइंडिंगचं वॉर्निश ब्रशने दोन हात मारलं, सेलची जागा आणि कनेक्टर तेवढे टेप लावून वाचवले. चौदा महिन्यांनी परवा उघडून पाहिलं, सोल्डर चकचकीत आहे.

पहाटे दिवा लावून अंडी वाढवायचा प्रयोगही केला. फार्मवाले अंड्यावरच्या कोंबड्यांना चौदा ते सोळा तास उजेड देतात. लावायचाच तर पहाटे लावा. संध्याकाळी दिवा फटकन विझला तर दांडीखाली राहिलेल्या कोंबड्या अंधारात धडपडतात. आमच्या गावरान कोंबड्या खुडूक व्हायच्या तेव्हा झाल्याच, त्यामुळे मी तो काढला.

राहिला तो दिवा, ज्यासाठी हे सगळं. ओट्याच्या भिंतीवर बेलचं बटण आणि दोन दिवे आहेत. दार उंबऱ्याला टेकलेलं असेल तर बटण दाबल्यावर हिरवा लागतो, पूर्ण वर असेल तर लाल. दार अर्ध्यात अडकलं किंवा बॅटरी संपली तर काहीच लागत नाही, आणि काहीच न लागणं म्हणजे मला हाक मारायची, एवढं आईला सांगून ठेवलं आहे. दोन गोष्टी मी मुद्दाम केल्या. हे दिवे बोर्डामधून जात नाहीत; दाराशी त्यांचे वेगळे दोन रीड स्विच आहेत आणि बॅटरीची तार थेट त्यांच्यातून ओट्यावर येते. बोर्ड गोठला, प्रोग्राम चुकला, तरी दिवा बोर्डाचं ऐकून बोलत नाही, दाराचंच बघून बोलतो. आणि भाच्याला मोबाईलवर संदेश हवा होता, तो मी नको म्हटलं. आईला बटण कळतं. या दोन स्विचला १२० रुपये लागले. सगळ्या जोडणीतला कुठला भाग एकच ठेवायचा असं कुणी म्हटलं तर मी हे दोन रीड स्विच ठेवीन.

एकूण खर्च, बॅटरी आणि पॅनल धरून, साडेआठ हजारांच्या आत आला. लेथचं काम मित्राने फुकट केलं, तुम्हाला पाच-सातशे जास्त लागतील. सोल्डर करता येत असेल आणि मल्टीमीटर हाताळता येत असेल तर जरूर करा. येत नसेल तर गावातल्या वायरमनला सोबत घ्या, फ्यूज आणि रिलेचं काम अंदाजाने करू नका. आणि हे दार मुंगसासाठी, रानमांजरासाठी, कुत्र्यासाठी आहे. बिबट्याला ते अडवत नाही. त्यासाठी खुराड्याला वरून आणि चारी बाजूंनी वेल्डजाळी हवी, ती आम्ही वेगळी केली.

एक काम अजून राहिलं आहे. दार मिटलं हे कळतं, आत किती गेल्या हे कळत नाही. मागच्या महिन्यात एक तलंग शेवग्यावर बसून राहिली, ओट्यावर हिरवा दिवा लागला, आणि ती रात्रभर बाहेर होती. सकाळी सापडली, सुखरूप. भाचा कॅमेरा लावू म्हणतो, मला दारात मोजणीची साधी काहीतरी सोय हवी आहे. अजून जमलेलं नाही. तोवर मोजणी आईकडे आहे. ऊन उतरलं की ती उजेडातच खुराड्यापाशी मूठभर दाणे टाकते, बावीस मोजते, आणि लख्ख दिसतंय तोवर परत येते. मग ओट्यावर बसते, आणि मिटण्याचा आवाज आला की उठून बटण दाबते.